कृष्णविवर : कथेतले आणि गणितातले

कराड येथे १९७५ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथालेखनाची आवर्जून दखल घेतली. आदल्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले होते. सातारा जिल्ह्यातील त्या व्यासपीठाने विज्ञानकथेला साहित्याच्या मांडवात जागा दिली. मे २०२५ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. मात्र कथेतील विज्ञान कोठे संपते आणि कल्पना कोठे सुरू होते, हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

‘विवर’ या शब्दामुळे पलीकडे निघणारी वाट असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात कृष्णविवर म्हणजे अल्प जागेत कोंडलेले प्रचंड वस्तुमान. त्याच्या सीमेआतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. वीस सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचा व्यास सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे साधारण सातारा ते सांगली एवढाच भरेल. ते आसपासचे सारे गिळत सुटते, हेही खरे नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तरी पृथ्वीची कक्षा बदलणार नाही.

याउलट, अविश्वसनीय वाटणारे काळाचे मंदावणे मात्र शास्त्रशुद्ध आहे. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात एका ग्रहावरील एक तास पृथ्वीवरील सात वर्षांएवढा असतो. सापेक्षता सिद्धांतात हे बसते. अट एवढीच, की ते महाकाय कृष्णविवर कमाल मर्यादेच्या अगदी जवळच्या वेगाने फिरत असले पाहिजे.

कृमिविवराची, म्हणजेच ‘वर्महोल’ची गोष्ट निराळी. आइन्स्टाइन व रोझेन यांनी १९३५ मध्ये अशा सेतूचे गणित मांडले. तो इतक्या झटकन मिटतो की प्रकाशही पार होऊ शकत नाही, असे फुलर व व्हीलर यांनी १९६२ मध्ये दाखविले. बोगदा उघडा ठेवायचा तर ऋण ऊर्जा लागेल, हे मॉरिस व थॉर्न यांचे १९८८ मधील उत्तर. तेवढी ऋण ऊर्जा कोठेही आढळलेली नाही.

कृष्णविवरांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी २०१५ मध्ये टिपल्या गेल्या. २०१९ मध्ये कृष्णविवराच्या सावलीचे चित्रही प्रसिद्ध झाले. कृमिविवराच्या बाजूने असा एकही पुरावा नाही.

हा भेद केवळ पंडितांपुरता नाही. हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया वेधशाळेसाठी केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे. कुतूहल जागविणे हे कथेचे काम. पण खर्चाचे समर्थन पुराव्यानेच व्हायला हवे आणि ते पारखण्याची जाण वाचकाकडे हवी.