आशा ठेवा, पण हिशोबासकट

वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष किंवा सेक्रेटरी म्हणजे बिनपगारी माणूस. दिवसभर कामावर राबायचे आणि संध्याकाळी घोटभर चहा घेऊन, पावती पुस्तक काखेत मारून वर्गणीला निघायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सारी वस्ती त्याच्यामागे असते. जून महिन्यात अभ्यासिकेचे वीजबिल भरायची वेळ आली की मीटिंगला चार डोकी, आणि त्यातली दोन त्याच्याच घरची. अशी पाच-सात वर्षे गेली की भला माणूसही म्हणू लागतो, "जाऊ द्या हो, आपला समाज सुधारायचा नाही."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य पुढाऱ्याच्या तोंडून निघाले की ते वस्तीतल्या पोरांच्या कानावर पडते. मग अभ्यासिकेचे कुलूप वेळेवर उघडत नाही. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायला कोणी बसत नाही. यात पुढाऱ्याचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते दहावीला बसलेल्या मुलीचे, जिच्या दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तक उघडायला जागा नसते. म्हणून कार्यकर्त्याची उमेद ही त्याची एकट्याची बाब नाही, ती वस्तीची ठेव आहे.

याच्या उलट दुसरा प्रकार आहे. काही पुढारी लोकांची उमेद टिकवण्यासाठी थापा मारतात. "दोन वर्षांत विहाराचा दुमजली हॉल उभा करून दाखवतो," असे माईकवर सांगतात. टाळ्या पडतात, वर्गणी जमते. दोन वर्षांनी पाहावे तर खणलेल्या पायात पावसाचे पाणी साचलेले. त्यानंतर खरा माणूस दारात उभा राहिला तरी लोक म्हणतात, "पुढच्या महिन्यात या." निराश पुढारी काम थांबवतो आणि थापाड्या पुढारी लोकांचा विश्वास संपवतो. दोघांमुळे वस्तीचे नुकसान सारखेच होते.

मग खरी आशा कशी ठेवायची? त्यासाठी महाडचा इतिहास पुन्हा एकदा वाचू या. २० मार्च १९२७ ही तारीख आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ आहे. त्यानंतरची दहा वर्षे मात्र फारशी कोणी सांगत नाही.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि आपले लोक ते पाणी प्याले. त्याच दिवशी आपल्या माणसांवर हल्ले झाले. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. म्हणजे पाणी प्याल्यावर पाच महिन्यांत, कागदावर तरी, आपण होतो त्याच्याही मागे गेलो. आजचा एखादा कार्यकर्ता तिथे असता तर म्हणाला असता, "एवढे करून काय मिळवले?"

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. विरोधक दिवाणी कोर्टात गेले. तळे खासगी मालकीचे आहे असा त्यांचा दावा होता, आणि त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला हजारो लोक महाडला जमले. सत्याग्रहाला तयार असलेल्यांची नावे लिहून घेतली, ती साडेतीन हजारांच्या वर गेली. अशा सभेपुढे "चला तळ्यावर" म्हणणे पुढाऱ्याला सर्वांत सोपे असते. बाबासाहेबांनी अवघड तेच सांगितले. गावातले विरोधक आणि सरकार अशा दोघांशी एकाच वेळी लढण्याइतके बळ आज आपल्याजवळ नाही, म्हणून सत्याग्रह तहकूब करावा, असा सल्ला त्यांनी दिला. लोक शांतपणे मिरवणूक काढून घरी परतले.

त्यानंतर दावा चालत राहिला. १९३१ साली खालच्या कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. विरोधक अपिलात गेले, तिथे १९३३ साली हरले. ते मुंबई हायकोर्टात गेले. हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यावर मज्जाव करण्याची फार जुनी वहिवाट आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. पाणी प्याल्यापासून या निकालापर्यंत किती काळ गेला? दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी.

या दहा वर्षांत बाबासाहेब कोर्टाच्या पायरीवर निकालाची वाट पाहत बसले नव्हते. १९२४ साली काढलेली बहिष्कृत हितकारिणी सभा त्यांनी १९२८ साली विसर्जित केली आणि शिक्षणाच्या कामासाठी वेगळे मंडळ काढले. 'बहिष्कृत भारत' १९२७ साली सुरू केले, ते पैशाअभावी १९२९ साली बंद पडले. पुढच्याच वर्षी 'जनता' निघाले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च १९३० मध्ये सुरू झाला. १९३४ साली त्यांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून कळवले की, समाज जागा करण्याचा हेतू साधला आहे, आता ही शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. मंदिराचे दार तेव्हा उघडलेले नव्हते. तरी सत्याग्रह थांबवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

आपल्या मंडळांनी यातून चार गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही याची वाटणी करावी. कोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या हातात नव्हता. पुरावे गोळा करणे, तारखेला हजर राहणे हे हातात होते. आज शिष्यवृत्ती मंजूर करणे मंडळाच्या हातात नाही. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून देणे, महाडीबीटीवर फॉर्म बिनचूक भरून देणे, मुलाचे बँक खाते आधारला जोडले आहे की नाही हे पाहणे हातात आहे. "शिष्यवृत्ती मिळवून देऊ" असे वचन देऊ नका. "तुमच्या मुलाचा फॉर्म मुदतीत जाईल" असे द्या, आणि ते पाळा.

दुसरी, वाईट बातमी पुढाऱ्याने स्वतः सांगावी. हॉलचे काम पैशाअभावी थांबले असेल तर लोकांना चहाच्या टपरीवरून कळू देऊ नका. पौर्णिमेला विहारात लोक जमतात, तेव्हा जमाखर्च वाचून दाखवा. किती जमले, किती खर्च झाले, किती कमी पडतात. वर्गणी देणारी बाई घरकाम करून पन्नास रुपये देते. तिला सत्य सांगितले तर ती चिडत नाही, लपवले तर चिडते.

तिसरी, वर्षाचा हिशोब माणसांत मांडावा. समाज बदलला का, हा प्रश्न दर रात्री स्वतःला विचारणारा पुढारी लवकर थकतो. एका वर्षात समाज बदलत नाही. अभ्यासिकेत या वर्षी किती मुले नियमित बसली, किती मुली बारावीच्या पुढे गेल्या, महिला मंडळाच्या बचत गटाचे किती हप्ते वेळेवर आले, हे मोजता येते. आकडा गेल्या वर्षापेक्षा कमी असला तरी फळ्यावर लिहावा, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडते.

चौथी, ओझे एकट्याने वाहू नये. महाडच्या कामात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशी माणसे होती. आपल्याकडे अध्यक्षाच्याच खिशात चाव्या, त्याच्याच कपाटात पावती पुस्तके. तो आजारी पडला की मंडळ आजारी. चावी एका तरुणाकडे द्या, हिशोब एखाद्या शिकलेल्या सुनेकडे द्या. त्यांच्या हातून दोन-चार चुका होतील, त्या होऊ द्या.

कार्यकर्त्याच्या घराविषयीही बोलले पाहिजे. "बाहेरची पोरं शिकवता, घरच्याचं पुस्तक कधी उघडून बघितलंत?" असे बायको विचारते, तेव्हा तिला चळवळ कळत नाही असे समजू नका. तिच्या पगारावर, तिच्या चुलीवर मंडळाच्या कितीतरी मीटिंगा झाल्या आहेत. आठवड्यातली दोन संध्याकाळी घराला द्या. घरात मान नसलेला कार्यकर्ता बाहेर फार दिवस टिकत नाही.

शेवटी नामांतराची आठवण करून देतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला. त्यापायी मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळाली, माणसे गेली. नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेही नामविस्तार होऊन. साडेपंधरा वर्षे लागली, आणि मागितले तसेच मिळाले नाही. तरी आज त्या कमानीखालून आपल्या मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. मिळाले त्याचा आनंद आणि उरले त्याची नोंद, दोन्ही एकाच वहीत ठेवायची असतात.

तेव्हा पुढच्या मीटिंगला चार माणसे आली तर चौघांची नावे लिहा, चौघांत कामे वाटा, आणि महिन्याने पुन्हा बोलवा. पाचवा का आला नाही, हे विचारायला त्याच्या घरी जा. रागावू नका. त्याची दुसरी पाळी असेल.

जयभीम!