कोमातीचा धडा : स्वच्छ विजेची किंमत कोणी मोजायची?

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोमाती औष्णिक वीज केंद्राचा अखेरचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद करण्यात आला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या आणि ऐन भरात १००० मेगावॉट क्षमता असलेल्या या केंद्राचे आयुष्य तसे संपत आलेच होते. तरीही त्याच्या बंद होण्याकडे जगाचे लक्ष लागले होते. कोळशावर जगणारा विकसनशील देश स्वच्छ ऊर्जेकडे कसा वळू शकतो, याचा वस्तुपाठ येथे घालून दिला जाणार होता. जागतिक बँकेने सुमारे ५० कोटी डॉलरचे अर्थसाह्य मंजूर केले. केंद्राच्या जागेवर १५० मेगावॉटचा सौर प्रकल्प, ७० मेगावॉटचा पवन प्रकल्प आणि १५० मेगावॉटची बॅटरी साठवण उभी राहील आणि कामगारांना नवी कौशल्ये शिकविली जातील, असा आराखडा होता.

प्रत्यक्षात धुराडी आधी थंडावली आणि आराखडा मागे राहिला. एस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांची अन्यत्र सोय लावण्यात आली. कंत्राटी कामगारांना मात्र असा आधार मिळाला नाही आणि केंद्राच्या जिवावर चालणारे गावातील छोटे व्यवसाय अडचणीत आले. सौर प्रकल्प उभारताना माणसे लागतात. एकदा तो उभा राहिला की औष्णिक केंद्राच्या मानाने फारच थोड्या हातांना काम उरते. पर्यायी रोजगार आधी आणि टाळे नंतर, हा साधा क्रम येथे उलटला. देशाचे वीजमंत्री खोसिएंत्सो रामोखोपा यांनीच या निर्णयावर जाहीर टीका केली. पुनर्वसन म्हणजे वरातीमागून घोडे, असा ग्रह खाणपट्ट्यात रुजला तर पुढचे प्रत्येक केंद्र बंद करणे राजकीयदृष्ट्या अवघड होणार, हे सांगावयास भविष्यवेत्ता नको. दक्षिण आफ्रिकेत ८० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होते आणि कोळसा खाणींत सुमारे ९० हजार लोक काम करतात. तेथे हा प्रश्न केवळ पर्यावरणाचा राहत नाही.

या प्रयोगामागे मोठे आंतरराष्ट्रीय आश्वासन होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ यांनी दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले. 'न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी' असे त्याचे नामकरण झाले. पुढे इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि सेनेगल यांच्याशीही असेच करार झाले. आकडा डोळे दिपविणारा होता. परंतु त्याची फोड झाली तेव्हा खरे चित्र समोर आले. या रकमेत अनुदान होते जेमतेम ४ टक्के. उरलेला जवळपास सगळा पैसा म्हणजे कर्जे आणि हमी. ज्या एस्कॉमला वाचविण्यासाठी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला २०२३ मध्ये २५४ अब्ज रँडचे कर्ज आपल्या शिरावर घेण्याची योजना जाहीर करावी लागली, त्या कंपनीच्या देशाला आणखी कर्ज हाच उपाय सुचविला गेला. शिवाय त्या देशाच्या स्वतःच्या आराखड्यानुसार २०२३ ते २०२७ या पाच वर्षांतील गरज सुमारे ९८ अब्ज डॉलरची आहे. त्यापुढे साडेआठ अब्ज म्हणजे दर्या में खसखस. त्यातही मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदारीतून बाहेर पडली आणि तिने देऊ केलेले एक अब्ज डॉलरहून अधिक साह्य गेले.

पैशाचा मुद्दा एवढा कळीचा का, हे समजून घ्यावयास हवे. औष्णिक केंद्राचा मोठा खर्च इंधनावर होतो आणि तो वर्षानुवर्षे विभागला जातो. सूर्यप्रकाश फुकट असतो. परंतु पॅनेल, जमीन आणि वाहिन्या यांचा जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. तो कर्जाऊ घ्यायचा तर विजेचा दर उन्हापेक्षा व्याजावर अधिक अवलंबून राहतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पाहणीनुसार विकसनशील देशांतील सौर प्रकल्पांसाठी भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक पडतो. पॅनेल सर्वत्र स्वस्त झाली, पैसा मात्र झाला नाही. जगातील सुमारे २० टक्के लोकसंख्या असलेल्या आफ्रिकेच्या वाट्याला स्वच्छ ऊर्जेतील गुंतवणुकीचा अवघा २ टक्क्यांच्या आसपास हिस्सा येतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

दुसरी अडचण तारांची. दक्षिण आफ्रिकेच्या कोळसा केंद्रांपैकी बहुतेक पूर्वेकडील म्पुमलांगात असल्याने पारेषणाचे जाळेही तेथेच दाट आहे. उत्तम ऊन आणि वारा आहे तो पश्चिमेच्या केप भागात. २०२२ च्या निविदाफेरीत एकाही पवन प्रकल्पाची निवड होऊ शकली नाही, कारण त्या भागातून वीज वाहून नेण्यास जागाच शिल्लक नव्हती. आता दहा वर्षांत सुमारे १४ हजार किलोमीटर वाहिन्या उभारण्याचे तेथे योजिले आहे.

दरम्यान, २०२३ मध्ये देशाने भारनियमनाचे सर्वांत वाईट वर्ष अनुभवले. ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी छपरावर पॅनेल बसवून स्वतःपुरता मार्ग काढला. मार्च २०२२ मध्ये सुमारे १००० मेगावॉट असलेली ही क्षमता दोन वर्षांत ५००० मेगावॉटच्या घरात गेली. वीजटंचाई हलकी होण्यास त्याचा हातभार लागला हे खरे. तथापि, नियमित बिल भरणारा सधन ग्राहक जाळ्यातून जसजसा बाहेर पडतो, तसतसा ते जाळे राखण्याचा भार उरलेल्यांवर, म्हणजे गरिबांवर पडतो. या सगळ्याचा परिणाम असा की, हेन्ड्रिना, ग्रूटव्लेई आणि कॅम्डेन ही जुनी कोळसा केंद्रे लवकर बंद करण्याऐवजी २०३० पर्यंत चालू ठेवण्याचे ठरले. कोमातीचा वस्तुपाठ अनुकरणाऐवजी सावधगिरीचा ठरला.

भारताने अशा भागीदारीवर सही केली नाही आणि ग्लासगोतच २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वतः जाहीर केले. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, ही कामगिरी लहान नाही. परंतु क्षमता आणि निर्मिती यांत अंतर असते. प्रत्यक्ष विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशातून येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १३०० अब्ज डॉलर मागितले असता २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांवर बोळवण झाली आणि भारताने तेथेच तीव्र आक्षेप नोंदविला. आक्षेप रास्त होता. मात्र बाहेरून न्याय मागणाऱ्याने घरातही तो द्यावा लागतो.

चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्राचे संच आज ना उद्या थांबतीलच. राख आणि धूर या जिल्ह्याने सोसला, वीज मुंबई-पुण्यानेही वापरली. सौर प्रकल्प मात्र जेथे जमीन आणि ऊन अनुकूल तेथे, कदाचित अन्य जिल्ह्यांत किंवा राज्यांतही उभे राहतील. मग कंत्राटी कामगार, ट्रकचालक आणि केंद्राभोवतीचे टपरीवाले यांनी जायचे कोठे? २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत. त्यांच्या निधीतून पर्यायी रोजगाराची पायाभरणी खाणी चालू असतानाच करता येईल. खाण बंद झाली की हा निधीही आटतो, हे विसरून चालणार नाही.

कोमातीत तंत्रज्ञान हरले नाही. हरले ते नियोजन. पुढचे टाळे लावण्यापूर्वी त्या दारातून बाहेर पडणाऱ्याला कोठे जायचे हे ठाऊक असेल, एवढी तजवीज करणे कोणत्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचे नाही.