मतभेद असावेत, फूट नसावी

शुद्ध आयुर्वेद की मिश्र चिकित्सा, हा महाराष्ट्रातील वैद्यवर्गाचा जुना वाद आहे. साताऱ्याच्या ‘आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालया’चे नाव दोन्ही परंपरांच्या संगमाची साक्ष देते, तरीही आपल्या परिसरात रुग्णासमोर दुसऱ्या वैद्याविषयी उणे बोलले जाते, ही खेदाची बाब होय.

मतभेद आयुर्वेदाला नवे नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, रस किती यावर ऋषींची चर्चा आहे. भद्रकाप्य एकच रस मानतात, निमी सात, तर कांकायन असंख्य. पुनर्वसु आत्रेयांनी सहा रसांचा निर्णय दिला. परंतु अमान्य ठरलेली मतेही ती मांडणाऱ्यांच्या नावांसह ग्रंथात जपली गेली. विमानस्थानातील संधाय संभाषेचा, म्हणजेच मैत्रीपूर्ण चर्चेचा, नियमही असा की, प्रतिपक्ष निरुत्तर झाल्यास हर्ष मानू नये, बढाई मारू नये.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद. त्यांतील द्रव्याचा पाद फार्मसीचालक सांभाळतात. द्रव्य निकृष्ट असेल तर शुद्ध व मिश्र, दोघांचेही औषध निष्फळ ठरते. प्रत्येक काष्ठौषधीची प्रयोगशाळेत तपासणी करणे एकट्या वैद्यास वा लहान फार्मसीस परवडत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोणा एका शेतकऱ्याचे नव्हे, समूहाचे आहे. सातारा-सांगलीच्या वैद्यांनी व फार्मसीचालकांनीही द्रव्यपरीक्षणाची सामाईक व्यवस्था उभारावी. वाद संभाषेत जरूर व्हावेत; रुग्णाच्या हितासाठी मात्र आपण एक असावे.