पावणेनऊ टक्क्यांचं बीजगणित

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात मुलांना सगळं नेमकं विचारलं जातं. x ची किंमत काढा, मुळं काढा, n वं पद काढा. उत्तर एक, फार तर दोन. खाली दोन रेघा मारल्या की मोकळे. मी उरणजवळच्या जासईत नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि माझं स्पष्ट मत आहे, की इथल्या मुलांना पुढे 'बरोबर'च्या चिन्हापेक्षा 'किमान' आणि 'कमाल' कितीतरी जास्त वेळा भेटणार आहेत. या 'किमान-कमाल'चं, म्हणजे असमीकरणांचं, गणित मात्र आपण शिकवल्यासारखं करतो.

नववीच्या 'वास्तव संख्या' प्रकरणात क्रमसंबंधाचे गुणधर्म दिलेले आहेत. दोन्ही बाजूंत एकच संख्या मिळवली तर चिन्ह तसंच राहतं, ऋण संख्येने गुणलं तर उलटतं. मोजक्या ओळी, पान उलटलं की विषय संपला. दहावीत असमीकरणाचं नावही नाही. पुढे वाणिज्य शाखेत अकरावीला किंवा विज्ञान शाखेत बारावीला ते पुन्हा भेटतं तेव्हा लगेच दोन चलांवर जातं, आलेखावर छायांकित भाग वगैरे. एका चलाचंच पक्कं नसलेली पोरं तिथे रेघोट्या मारत बसतात. दहावीनंतर आयटीआयला किंवा भरतीच्या मागे लागलेल्यांच्या वाट्याला तर तेही येत नाही.

खरं तर असमीकरण आमच्या गावातच आहे. जासई म्हणजे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. जानेवारी 1984 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. 'साडेबारा टक्के' हे शब्द इथे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक आहेत. पण त्या साडेबारातले 30 टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात आणि हातात पडतात ते पावणेनऊ. एक गुंठा म्हणजे साधारण 101.17 चौरस मीटर. त्याचे पावणेनऊ टक्के म्हणजे 8.85 चौरस मीटर.

आता हे फळ्यावर मांडा. तीन भावांत वाटणी करायची आहे आणि प्रत्येकाला निदान 100 चौरस मीटर मिळायला हवेत. आजोबांची किती गुंठे जमीन गेलेली असली पाहिजे? 8.85x ÷ 3 ≥ 100. दोन्ही बाजूंना 3 ने गुणा, 8.85x ≥ 300. मग 8.85 ने भागा, x ≥ 33.9. म्हणजे जवळपास 34 गुंठे, एकरापेक्षा सहाच गुंठे कमी. हे उदाहरण मी घातलं की वर्गात कुजबुज सुरू होते, कारण घरात किती जमीन गेली हे प्रत्येकाला माहीत असतं. संख्यारेषेवर 33.9 वर भरीव ठिपका देऊन उजवीकडे बाण काढला, की कोण बाणावर आहे आणि कोण डावीकडे राहिलं हे पोरांना सांगावं लागत नाही.

खरी अडचण येते ती चिन्ह उलटण्याची. 'ऋण संख्येने भागलं की चिन्ह फिरवायचं' हे सगळ्यांना पाठ असतं, का ते कुणालाच ठाऊक नसतं. मी टाकीचं गणित देते. टाकीत 1000 लिटर पाणी आहे, रोज 160 लिटर लागतं आणि अडीअडचणीला 200 लिटर तरी शिल्लक हवं. किती दिवस निभेल? 1000 − 160x ≥ 200. दोन्ही बाजूंतून 1000 वजा केले, −160x ≥ −800. इथे अर्धा वर्ग धडाधड x ≥ 5 लिहून मोकळा होतो. मी म्हणते, वाचा काय लिहिलंय ते. पाच दिवस किंवा त्याहून जास्त! मागून एक पोरगा आमच्या आगरीत विचारतो, "मॅडम, वापरल्यावर पानी वारंल कसा?" मग सहा घालून बघायचे: 1000 − 960 = 40, आणि 40 काही 200 पेक्षा मोठे नाहीत. उत्तर x ≤ 5. नियम पाठ करण्यापेक्षा एक किंमत घालून ताळा बघण्याची ही सवय मला जास्त मोलाची वाटते, आणि परीक्षेत तिला गुण नाहीत.

'आणि', 'किंवा'चा घोळ याहून मोठा. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि 2022 पासून 75 पूर्ण केलेल्यांनाही नाही. फुकट प्रवास कुणाला, ते लिहा म्हटलं की हुशार पोरंसुद्धा 5 > x > 75 असं एकाच दमात लिहितात. म्हणजे पाचपेक्षा लहान आणि पंच्याहत्तरपेक्षा मोठा, दोन्ही एकाच वेळी! असा प्रवासी उरण-पनवेल गाडीत अजून चढायचा आहे. इथे 'किंवा' हवं: x < 5 किंवा x ≥ 75. आकृतीत शून्याच्या उजवीकडे एक आखूड तुकडा, पाचवर पोकळ वर्तुळ. मग मोठी मोकळी जागा. मग 75 वर भरीव ठिपका आणि पुढे बाण.

'आणि'साठी गुणपत्रिका पुरते. प्रथम श्रेणी म्हणजे 60 टक्के किंवा जास्त, पण 75 पेक्षा कमी. 75 पासून विशेष प्राविण्य. तीन चाचण्यांपैकी दोनांत 52 आणि 61 मिळालेत. 60 ≤ (113 + x) ÷ 3 < 75. तिन्ही भागांना 3 ने गुणून 113 वजा केले की 67 ≤ x < 112. पण पेपर तर 100 चा! म्हणजे विशेष प्राविण्य हातचं गेलं, प्रथम श्रेणी 67 वर अजून शाबूत आहे. नुसतं समीकरण सोडवणाऱ्याला 75 टक्क्यांसाठी 112 हे उत्तर मिळालं असतं आणि त्याने ते दोन रेघा मारून दिलंही असतं.

अभ्यासक्रमाचं ओझं वाढेल, असं शिक्षक मंडळी म्हणतील. नाही वाढणार. समीकरण सोडवता येणाऱ्याला यातलं निम्मं आधीच येतं. नवीन आहे ते चिन्ह उलटणं, 'आणि-किंवा' आणि संख्यारेषा. चार तासिकांत होतं. नॉन-क्रिमिलेयरची उत्पन्नमर्यादा, भरतीची वयोमर्यादा, अटल सेतूवरची ताशी 100 ची आणि चढ-उतारावरची 40 ची पाटी, उदाहरणं दारात उभी आहेत.

पाठ्यपुस्तक मंडळाला विनंती एवढीच, की नववीच्या पुढच्या पुस्तकात एका चलाच्या असमीकरणांचा स्वतंत्र सरावसंच द्या, त्यात संख्यारेषेला गुण ठेवा, आणि एक गणित साडेबारा टक्क्यांचं घाला. उरण-पनवेलची पोरं ते सोडवतील.