प्रकाशाचा पडदा

बंगळुरूच्या मेट्रो स्थानकात प्रवाशाने कार्ड टेकवले, की फाटकाच्या झडपा उघडतात आणि तो पलीकडे गेल्यावर मिटतात. मध्ये माणूस आहे, हे फाटकाला प्रकाशसंवेदकांमुळे कळते. एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण निघतो, समोरचा ग्राहक तो टिपतो. किरण अडला, की काहीतरी आडवे आले असे यंत्र समजते. संपिगे रोड ते पीण्या इंडस्ट्री हा मार्ग 2014 मध्ये सुरू झाला. पीण्या औद्योगिक वसाहतीतील कामगारही या फाटकांतून जातात. परंतु त्यांपैकी काहींना पुढे दिवसभर ज्या यंत्रासमोर बसायचे असते, त्याला असा डोळा नसतो.

ते यंत्र म्हणजे पत्रा कापणारी किंवा वाकवणारी पॉवर प्रेस. पत्रा साच्यावर ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायाने पेडल दाबायचे. एकदा हात मागे यायला उशीर झाला, की बोटे जातात. अशा अपघाताला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणण्याची रीत आहे. ती अन्यायाची आहे. एकच हालचाल हजारो वेळा करणाऱ्याचे लक्ष एकदाही ढळणार नाही, हे गृहीत धरणेच चूक. यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त असावेत, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते. मात्र विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहापेक्षा कमी माणसे असली, तर तो सहसा लागू होत नसे. छोटी शेड नेमकी तेथेच सुटत असे.

नव्या प्रेसपुढे अशा अनेक किरणांची रांग लावता येते. कारखान्यात तिला ‘लाइट कर्टन’ म्हणतात. हाताने एक किरण अडवला, तरी प्रेस थांबते. मात्र पडदा कोठे लावला, यावर सारे अवलंबून असते. हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरला आणि प्रेस थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर पुढे पोचतो. पडदा त्याहून जवळ असेल, तर तो केवळ देखावा ठरतो. जुन्या धाटणीच्या अनेक यांत्रिक प्रेसमध्ये तर एकदा सुटलेला ठोका मध्येच थांबवता येत नाही. तेथे पडद्याचा उपयोग नाही. हात आत जाऊच न देणारी लोखंडी जाळी हवी.

खर्च परवडत नाही, ही छोट्या मालकाची तक्रार खोटी नसते. म्हणूनच त्याच्याकडून सुटे भाग घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भागाचे माप तपासताना प्रेसही तपासावी आणि सुरक्षेचा खर्च भावात धरावा. केवळ पडदा लावून भागत नाही. काचेवर तेल-धूळ साचली, की प्रेस विनाकारण अडते, नगांचा आकडा कमी भरतो आणि मग कोणीतरी पडदाच बंद करून ठेवतो. काच पुसायला दोन-चार मिनिटे लागतात. नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला त्या मिनिटांचेही पैसे मिळाले पाहिजेत.