वेळेवर फेडणारा नकोसा का होतो?

रमजानमध्ये असरची नमाज आणि इफ्तार यांच्या मधला तासाभराचा वेळ खऱ्या कसोटीचा असतो. घसा कोरडा पडलेला, बाजारात खजूर आणि कलिंगडाच्या गाड्यांभोवती गर्दी, आणि नेमका तेव्हाच मोबाइल वाजतो. गेल्या आठवड्यात असाच एक फोन आला. माझ्या क्रेडिट कार्डाच्या बँकेतून एक मुलगी बोलत होती. ‘‘सर, या महिन्याचं तुमचं बिल अठरा हजार झालंय. हप्ते करून देऊ का? अगदी कमी व्याजात.’’ मी म्हणालो, ‘‘नको ताई, तारखेला पूर्ण भरतो.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही दर वेळी नकोच म्हणता.’’

तिच्या आवाजात राग नव्हता, पण तक्रार होती. बिचारी नोकरी करते; तिला ठरलेला आकडा गाठायचा असणार. रोजा असल्याने मीही आवाज चढवला नाही. फोन ठेवल्यावर मात्र विचार करू लागलो. घेतलेले पैसे वेळेवर, पूर्ण परत करणाऱ्या माणसाविषयी कोणाची तक्रार का असावी?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुने किराणा दुकान आहे. शेठजींकडे आजही उधारीची लांबट वही आहे. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी वर लावली आहे, पण खाली वहीत निम्म्या मोहल्ल्याची नावे आहेत. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, चर्चजवळच्या वाडीतली चार घरेही आहेत. पगार झाल्यावर एक तारखेला खाते मिटवणारे गिऱ्हाईक आले की शेठजी स्वतः उठून स्टूल पुढे करतात. जो दोन महिने पलीकडच्या बोळातून जातो, त्याचे नाव निघाले की त्यांच्या कपाळावर आठी पडते. पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच पाहत आलो. फेडणारा चांगला, थकवणारा वाईट.

कार्डाच्या धंद्यात ही वही उलटी वाचली जाते. अमेरिकेत ‘डेडबीट’ हा शब्द कर्जबुडव्या माणसासाठी वापरतात. पण तिथल्या कार्ड कंपन्यांच्या आपसातल्या बोलीत हाच शब्द दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाला लावला जातो. म्हणजे जो एक पैसाही बुडवत नाही, तोच त्यांच्या लेखी बुडवा!

ही नुसती बोलण्यातली गंमत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या जीई कॅपिटल या कंपनीने आपल्या एका मास्टरकार्डवर नवा नियम आणला. जे ग्राहक दरमहा पूर्ण बिल भरतात, ज्यांच्याकडून व्याज मिळत नाही, त्यांनी वर्षाला २५ डॉलर शुल्क द्यावे. थकबाकी ठेवणाऱ्यांना हे शुल्क नाही. प्रामाणिकपणावर लावलेला हा दंडच होता.

इंग्लंडमध्ये तर गोष्ट खाती बंद करण्यापर्यंत गेली. ‘एग’ नावाची इंटरनेटवरून चालणारी एक बँक तिथे होती. २००७ मध्ये सिटीग्रुपने ती विकत घेतली. फेब्रुवारी २००८ मध्ये तिने आपल्या १ लाख ६१ हजार ग्राहकांना कळवले की ३५ दिवसांनी तुमचे कार्ड चालणार नाही. एकूण कार्डधारकांपैकी हे साधारण ७ टक्के होते. या ग्राहकांची पत घसरली आहे, त्यांना कर्ज देणे धोक्याचे झाले आहे, असे बँकेचे म्हणणे होते. पण पत्रे हातात पडताच अनेक लोक पुढे आले. आम्ही तर दरमहा पूर्ण बिल भरतो, एक हप्ताही चुकलेला नाही, मग आम्ही धोक्याचे कसे, असे ते विचारू लागले. आमच्यापासून धोका नाही, फक्त कमाई नाही, म्हणून आम्हाला काढले, असा त्यांचा संशय होता. बँकेने तो मान्य केला नाही. पण संशय इतक्या सहज का पसरला, हे समजायला या धंद्याचा हिशेब पाहावा लागतो.

हिशेब अवघड नाही. आपण दुकानात हजार रुपयांचे कार्ड घासतो, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार जमा होत नाहीत. शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. ही पहिली कमाई. वार्षिक शुल्क आणि दंड ही दुसरी. थकलेल्या रकमेवरचे व्याज ही तिसरी, आणि सगळ्यात जाडजूड. पूर्ण बिल भरणारा ग्राहक बँकेला फक्त पहिली कमाई देतो. वर तो महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरतो आणि बक्षिसाचे गुणही गोळा करतो.

बँकेची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कार्डावर दोन लाखांची मर्यादा दिली, तर ग्राहक ती वापरो वा न वापरो, बँकेला त्या शक्यतेची तजवीज ठेवावी लागते. २००८-०९ च्या मंदीत अमेरिकेतल्या कंपन्यांनी न वापरलेली कार्डे बंद केली, मर्यादा घटवल्या, त्यामागे हीच भीती होती. धंदा म्हटला की तोट्याचे खाते कोणी सांभाळणार नाही. पण खाते बंद झाल्याचा फटका ग्राहकाला बसतो. त्याची एकूण मर्यादा कमी होते, त्यामुळे उरलेल्या कार्डांवरचा तोच खर्च मोठा दिसू लागतो आणि पतगुण घसरू शकतो. ज्याने काहीच चुकवले नाही, त्याचीच पत खाली येते.

आपल्याकडे काय आहे? रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात की वर्षभराहून अधिक काळ कार्ड वापरलेच नाही, तर बँकेने ग्राहकाला कळवून ते बंद करण्याची प्रक्रिया सुरू करावी आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर खाते बंद करावे. हा नियम न वापरलेल्या कार्डाचा आहे, वापरून पूर्ण फेडणाऱ्याविरुद्ध नाही. तो ग्राहकाच्या भल्याचाच आहे, कारण विसरलेले कार्ड चोराच्या हाती पडू शकते. उलट आपणच कार्ड बंद करा म्हटले आणि बाकी काही नसेल, तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचे. नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तिने आपल्याला द्यायचा. हे किती जणांना माहीत आहे?

इथपर्यंत लिहून मी स्वतःच्या पाठीवर शाबासकी देऊन थांबलो असतो. मी वेळेवर फेडतो, व्याज देत नाही, व्याज घेत नाही. इस्लाममध्ये व्याज हराम आहे हे सर्वधर्मीय वाचकांना ठाऊक आहे. क्रेडिट कार्ड वापरावे की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण बिल मुदतीत पूर्ण भरून व्याजाचा प्रसंगच येऊ न देणाऱ्याला अनेकांनी मोकळीक दिली आहे. म्हणजे माझे हात स्वच्छ. असे मी मानत होतो.

मागच्या वर्षी शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला आपले कार्डाचे बिल दाखवले. नाव लिहीत नाही, ते याच शहरात राहतात आणि हे पान वाचतात. त्यांच्या वडिलांच्या दवाखान्याचा खर्च त्यांनी कार्डावर केला होता. बाकी ४० हजार. ते दरमहा दोन हजार भरत होते, कारण बिलावर ‘किमान देय रक्कम’ तेवढीच छापलेली असे. ‘‘सर, आठ महिने झाले, रक्कम हलतच नाही,’’ ते म्हणाले. आम्ही शिक्षक, खडूने फळ्यावर हिशेब मांडला. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज. ४० हजारांवर महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, २५२ रुपये. भरलेल्या दोन हजारांतून १,६५२ रुपये असे गेले. मुद्दल कमी झाले ते फक्त ३४८ रुपयांनी. त्यात मध्ये कधी किराणा किंवा औषधे त्याच कार्डावर घेतली, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, कारण बाकी थकली की बिनव्याजी मुदत संपते.

त्याच आठवड्यात माझ्या कार्डाच्या गुणांवर मला एक प्रेशर कुकर फुकट मिळाला होता. घरी शिट्टी झाली तेव्हा मनात प्रश्न आला, याचे पैसे कोणी भरले? बँकेने खिशातून भरले नाहीत. त्यातला काही भाग दुकानदाराच्या कमिशनचा असेल. पण माझ्यासारख्याला फुकट सांभाळणे बँकेला परवडते, ते माझ्या सहकाऱ्यासारखे लोक महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये भरतात म्हणून. मी व्याज घेत नव्हतो हे खरे, पण व्याजाच्या पंगतीत माझेही पान मांडलेले होते.

म्हणून बँक वेळेवर फेडणाऱ्याला नकोसा मानते, यापेक्षा मोठा प्रश्न मला हा वाटतो की तिला हवासा कोण वाटतो. जो बुडवतही नाही आणि फेडतही नाही. जो कायम मधल्या पाण्यात गटांगळ्या खात राहतो. अशा माणसाच्या अडचणीवर ज्या धंद्याची भरभराट अवलंबून आहे, त्या धंद्याविषयी सगळ्या धर्मांनी सावध केले आहे.

कुरआनमध्ये सूरह बकरहत व्याजाची मनाई आहे आणि त्याच ओघात कर्जदाराचीही काळजी घेतली आहे. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले, असा त्याचा आशय आहे. जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार सूरह तौबात सांगितले आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपल्या मातीतही हा विचार जुना आहे. हिंदू धर्मशास्त्रात ‘दामदुपट’ म्हणून नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. इंग्रजांच्या काळातही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही आठवण तर प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. आणि जिथे असा दयाभाव उरला नाही, तिथे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आजच्या सावकाराच्या दारात वही नाही, म्हणून ती जाळताही येत नाही. कायद्याची ढालही पातळ झाली आहे. कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा आपले आपणच सावध राहायला हवे.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, कार्ड वापरायचे तर पूर्ण फेडण्याच्या बेतानेच वापरावे. बिलावर ‘किमान देय’ हे शब्द दिसले की ते वाचलेच नाहीत असे समजावे. दुसरी, बँकांनी सरळ धंदा करावा. सोयीचे शुल्क घ्यायचे असेल तर सर्वांकडून सारखे आणि आधी सांगून घ्यावे, आम्ही देऊ. एकाच्या अडचणीतून दुसऱ्याला कुकर वाटू नये. तिसरी गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे.

त्या फळ्यावरच्या हिशेबानंतर आम्ही चौघा सहकाऱ्यांनी दहा-दहा हजार काढले. चौघांत दोन हिंदू, एक बौद्ध आणि एक मी. कार्डाची बाकी एका दिवसात मिटली. ते आम्हाला मिळून महिन्याला चार हजार देतात. दहा महिन्यांत मोकळे होणार. इस्लाममध्ये याला कर्ज-ए-हसना म्हणतात. मराठीत त्याच्यासाठी किती सुंदर, साधा शब्द आहे, हातउसने! आपल्या आयाबहिणी भिशीत वर्षानुवर्षे असेच बिनव्याजी पैसे फिरवत आल्या आहेत. त्या सहकाऱ्याने आग्रह धरला, ‘‘सर, लिहून घ्या.’’ मला आधी संकोच वाटला. मग आठवले, कुरआनमधली सर्वांत लांब आयत नमाजेविषयी नाही की रोजाविषयी नाही. देणेघेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी ती आयत आहे. आम्ही वहीच्या पानावर लिहिले, सह्या केल्या.

या महिन्याचे चार हजार परवाच आले. द्यायला ते इफ्तारच्या थोडे आधी घरी आले होते, सोबत डझनभर केळी घेऊन. मी त्यांना थांबवून घेतले. एकच हप्ता राहिला आहे. रमजान संपण्याआधी आपल्या ओळखीत असा कोणी आहे का, जो दर महिन्याला ‘किमान’ भरतो आहे, एवढे प्रत्येकाने एकदा विचारून पाहावे. सगळ्यांना रमजानच्या शुभेच्छा.