आधी पोरं पाण्यात, मग रेटकार्ड

कोकणात कुठलीही नवी गोष्ट यायच्या आधी तिचं रेटकार्ड येतं. पॅरासेलिंग आलं, बनाना राइड आली, जेट स्की आली. प्रत्येकीचा फलक आधी रंगला आणि ती चालवायला शिकलेली माणसं नंतर सापडली. मी मालवण तालुक्यात न्याहरी-निवास चालवते, तेव्हा रेटकार्डांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. आमच्याही पडवीत एक आहे, सुरमई थाळीच्या भावासकट. पण आता इथे सर्फिंगची बोलणी सुरू झाली आहेत. गोव्याहून गाडीच्या टपावर बांधून आणलेला एखाद-दुसरा बोर्ड किनाऱ्यावर दिसतो आणि लगेच कोणीतरी विचारतं, तासाला किती घ्यायचे? माझं म्हणणं एवढंच, की या खेळाच्या बाबतीत तरी हा प्रश्न दुसरा असावा.

तामिळनाडूत चेन्नईपासून साधारण 40 किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या वाटेवर कोवलम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. भाचा चेन्नईत नोकरीला, म्हणून मे महिन्यात तिकडे जाणं झालं. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून मासेमारी बंद असते. आम्ही उजाडता उजाडता पोचलो तर काही होड्या वाळूवर ओढलेल्या आणि पाण्यात मात्र पोरं. काही बोर्डवर पालथी पडून लाटेची वाट बघणारी, काही उभी राहून किनाऱ्यापर्यंत येऊन पुन्हा आत वळणारी. मी आपली धंद्याच्या नजरेने पर्यटक शोधत होते. भाचा म्हणाला, “मावशे, ही रोजची पोरां. गिराइकां मागसून येतत.”

हे “मागसून” मला महत्त्वाचं वाटतं. तिथे सुरुवात केली ती मूर्ती मेगवन या मच्छीमाराच्या मुलाने. लहानपणी हाताला लागेल त्या फळीवर तो लाटा घेत असे, पुढे बाहेरून आलेल्या सर्फरांकडून त्याला खरा बोर्ड हाताळायला मिळाला. मग तो गावातल्या पोरांना फुकट शिकवू लागला. अट एकच, दारू आणि सिगारेट बंद. उद्योजक अरुण वासू त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि 2012 मध्ये तिथे रीतसर सर्फ स्कूल झालं. पुढच्याच वर्षी महोत्सव सुरू झाला, क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्ससारखा माणूस तिथे आला, पर्यटकही आले. पण तोवर लाट कुठे फुटते आणि पाण्याची ओढ कुठे असते, हे जाणणारी गावची पोरं तयार होती. शिकवणारे बाहेरून आणावे लागले नाहीत.

याच नावाच्या केरळातल्या कोवलममध्ये 2005 मध्ये एका बेल्जियन माणसाने, जेले रिगोलने, सर्फ क्लब काढला. तिथे अट वेगळी होती. शाळेत जाशील तर बोर्ड, नाहीतर नाही. त्या किनाऱ्यावर वाढलेला रमेश बुदिहाळ 2025 मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेला. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. क्लब निघाल्यापासून पदकापर्यंत 20 वर्षं. आमच्याकडे 20 महिन्यांत नफा दिसला नाही तर जागा आइस्क्रीमवाल्याला जाते.

कर्नाटकातल्या मुल्कीला 2004 च्या सुमारास जॅक हेब्नर या अमेरिकन स्वामींनी आश्रमातच सर्फिंग सुरू केलं. मुंबईत वाढलेली इशिता मालविया मणिपालला शिकायला गेली, तिथे लाटांच्या नादी लागली आणि उडुपीजवळ कोडी बेंग्रे या नदी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तिने सोबत्याबरोबर क्लब चालवला. आमच्या देवबागला गेलेल्या कोणालाही कोडी बेंग्रेचा नकाशा ओळखीचा वाटेल. इकडे कर्ली, तिकडे समुद्र, मध्ये माडांची पट्टी.

मग आपल्याकडे हे का होत नाही? लोक म्हणतात, लाटाच नाहीत. हे अर्धं खरं आहे. थंडीत आमचा समुद्र बराचसा सपाट असतो आणि पावसाळ्यात तो कोणालाच जवळ येऊ देत नाही. पण मला खरी अडचण दिसते ती वेळेची. पूर्व किनाऱ्यावरच्या पोराचे मासेमारीबंदीचे दोन महिने लाटांच्या हंगामात येतात. त्याच्याकडे लाटही असते आणि रिकामी सकाळही. आमच्याकडे बंदी जून-जुलैत, समुद्र खवळलेला असताना. नारळी पौर्णिमा झाली की पोरगा होडीवर जातो आणि दिवाळीनंतर पर्यटकांच्या मागे. शिकायच्या लाटा मे महिन्यात वाढू लागतात, नेमकं तेव्हा घरोघरी पाहुणे असतात आणि पोरगं पाण्याच्या बाटल्या पोचवत असतं. आमच्याही घरी हेच चालतं.

उरतो ऑक्टोबर. समुद्र खाली येतो पण पुरता निजत नाही, पर्यटक अजून यायचे असतात, शाळा संध्याकाळी सुटते. गावातल्या पोरांचा वर्ग सुरू करायचा तर तो याच दिवसांत. त्यासाठी इमारत नको, उद्घाटनाची कोनशिला नको. फोमचे आठ-नऊ फुटी बोर्ड, पायाला बांधायच्या लीश, जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली दोन माणसं आणि उन्हापासून बोर्ड वाचवायला एक मांगर पुरे.

बोर्ड कोणाच्या मालकीचे, यावरून पहिल्याच आठवड्यात भांडण होणार, हे गाव ओळखते म्हणून सांगते. त्याची तोड आपल्याकडे आहे. रापणीत जाळं ओढायला हात लावेल त्याला वाटा मिळतो, होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. बोर्ड तसेच सामाईक ठेवावेत. जो लहानांना शिकवेल, बोर्ड धुऊन ठेवेल, त्याचा वाटा. पुढे पर्यटक येऊ लागले की त्या पैशातही हाच हिशेब. पण पहिलं वर्षभर गिऱ्हाईक घ्यायचंच नाही. माझ्या यजमानांना हे वेडेपणाचं वाटतं. बँकेच्या हप्त्याकडे बघितलं की क्षणभर मलाही वाटतं.

वर्गात मुली हव्यात, निम्म्या तरी. समुद्राच्या मासळीवर आयुष्य काढलेल्या, बाजारात कोणाला दमडी न सोडणाऱ्या कितीतरी बायका आमच्याकडे आहेत, ज्यांना पोहता येत नाही. गुडघाभर पाण्याच्या पुढे त्या कधी गेलेल्या नाहीत. “पोरग्यांका कित्याक व्हयां ता?” असं विचारणाऱ्या सासवा भेटतील. त्यांना सर्फिंग सांगू नये, पोहणं सांगावं. लाट आपोआप येईल.

आणि एक गोष्ट सरकारदरबारी. लाट उथळ वाळूच्या पट्टीवर फुटते. ती पट्टी हलली की लाट संपली. पुद्दुचेरीजवळच्या सेरेनिटी बीचवर सर्फिंग चांगलं रुजलं होतं, तिथेही किनारा वाचवायला दगडांच्या रांगा पडल्या आणि किनाऱ्याचं रूप पालटलं. आमच्याकडे धूपप्रतिबंधक बंधारे दर निवडणुकीला लांबतात. ज्याचं घर समुद्र खातो आहे त्याला बंधारा नको म्हणायची माझी छाती नाही. पण कुठे दगड अटळ आहेत आणि कुठे केवळ ठेका आहे, हे ग्रामसभेत नकाशा पसरून ठरायला हवं, आणि त्या सभेला पाण्यात उतरणारी पोरं बसलेली असावीत. सध्या त्या सभेत बंधाऱ्याची लांबी तेवढी वाचून दाखवतात.